कृष्णधवल निगेटिव्ह स्कॅन करताना छटा कुठे हरवतात? (फेटा पांढराफटक, ओसरी काळीकुट्ट)

ओसरी

नमस्कार.

वडिलांच्या कपाटात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात निगेटिव्ह सापडल्या. १२० मापाचे रोल, आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेले, एका रोलवर बारा चौरस फोटो. पाकिटांवर वडिलांच्या अक्षरात साल लिहिलंय, १९७४ पासून १९७९ पर्यंत. काही पट्ट्यांच्या कडेला ओर्वो छापलंय, काहींवर इंदू, ही फिल्मची नावं. गाव कराडजवळचं. घर आता पाडलं, त्यामुळे त्या घराचं जे काही उरलंय ते या डब्यात आहे. घाईने उरकायचं नाही असं ठरवलंय.

माझ्याकडे झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड स्कॅनर आहे. एका निगेटिव्हवर तीन दिवस अडकलोय. आजोबा ओसरीच्या पायरीवर बसलेत, दुपारचं ऊन, डोक्याला पांढरा फेटा. मागे ओसरीत सावली आणि माजघराच्या दारात कुणीतरी उभं आहे. स्कॅनमध्ये फेटा म्हणजे नुसता पांढरा गोळा, ओसरी म्हणजे डांबर. नंतर उजळपणा कमी केला तर पांढऱ्याचा सपाट करडा होतो, घड्या काही येत नाहीत.

वाईट याचं वाटतं की याच निगेटिव्हचा तेव्हा स्टुडिओतून छापून आणलेला इवलासा फोटो घरात आहे आणि त्यात फेट्याचे पीळ मोजता येतात. म्हणजे निगेटिव्हमध्ये ते आहेत. मग माझ्या स्कॅनरची छटा वाचायची क्षमता कमी पडते का? महागडा घ्यावा लागेल का? एका लॅबला नमुन्याला दोन निगेटिव्ह दिल्या होत्या, तिथूनही असंच आलं, वर धार जास्त लावलेली.

सह्यकडा

सेटिंग सांगा आधी. फिल्मचा प्रकार काय निवडला, किती बिट, फाइल कोणती, आणि ऑटो चालू होतं का?

ओसरी

फिल्मचा प्रकार 'कृष्णधवल निगेटिव्ह', ८ बिट, जेपेग, ऑटो एक्स्पोजर चालू. स्कॅनरसोबत आलं तसंच ठेवलंय सगळं.

हायपो

स्कॅनर विकत घेण्याआधी एक काम करा. निगेटिव्ह उजेडावर धरा. लाइट टेबल नसेल तर मोबाइलवर पूर्ण पांढरा पडदा लावा, पण निगेटिव्ह त्याच्यापासून चार बोटं वर धरा, नाहीतर पडद्याचे ठिपके दिसतात. मग भिंगातून बघा. फेटा निगेटिव्हमध्ये काळा दिसणार. त्या काळ्यातून भिंगाला रेषा दिसतात का? आणि ओसरी निगेटिव्हमध्ये जवळजवळ पारदर्शक दिसणार. तिथला भाग आणि दोन फोटोंमधली कोरी पट्टी यांत काही फरक दिसतो का?

या दोन प्रश्नांची उत्तरं कळवा, मग पुढचं. मी कोल्हापुरात एन्लार्जरवर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो छापायच्या यंत्रावर, पंचवीस वर्षं छपाई केली. आधी निगेटिव्ह वाचायची, मग कागद निवडायचा, ही सवय आहे.

ओसरी

काका, बघितलं. फेट्यात रेषा स्पष्ट दिसतात. ओसरीत खांब आणि दाराची चौकट अंधुक दिसते, पण दाराच्या आतला भाग आणि कोरी पट्टी मला सारखीच वाटते.

आकडेमोड

मग उत्तर तिथेच मिळालं. स्कॅनरची क्षमता कमी पडत नाहीये. हा समज इतका पसरलाय की जरा सविस्तर लिहितो.

फिल्मची घनता, म्हणजे ती किती उजेड अडवते ते, लॉगॅरिदममध्ये मोजतात. घनता ०.३ म्हणजे निम्मा उजेड आरपार जातो, १.० म्हणजे दहावा हिस्सा, २.० म्हणजे शंभरावा. प्रत्येक ०.३ म्हणजे एक स्टॉप. आता नीट धुतलेली (डेव्हलप केलेली) कृष्णधवल निगेटिव्ह घ्या. कोरी फिल्म आणि तिचा धुरकटपणा मिळून साधारण ०.३. सगळ्यात उजळ जागा, म्हणजे तुमचा फेटा, धरा १.५. फरक १.२, म्हणजे जेमतेम ४ स्टॉप. उन्हापासून सावलीपर्यंतचं साडेसहा-सात स्टॉपचं दृश्य फिल्मने दाबून या चार स्टॉपांत बसवलेलं असतं. कृष्णधवल निगेटिव्हचं कामच ते आहे.

चार स्टॉप कुठलाही बरा फ्लॅटबेड सहज वाचतो. स्कॅनरच्या खोक्यावर छापलेला कमाल घनतेचा आकडा महत्त्वाचा ठरतो तो रंगीत स्लाइडला, कारण तिथल्या सावल्या ३ च्याही पुढे जातात. निगेटिव्हला तो प्रश्न फारसा येतच नाही.

मग हरवतं कुठे? दोन ठिकाणी.

एक, ऑटो. सॉफ्टवेअर हिस्टोग्रामची (कोणत्या छटेचे किती पिक्सेल याच्या आलेखाची) दोन्ही टोकं कापून चित्र 'छान' ठोस करतं. त्याच्या दृष्टीने फेटा म्हणजे टोकाला असलेले मूठभर पिक्सेल. ते कापले गेले की गेले. नंतर उजळपणा कमी करून जे मिळतं ते तुम्ही पाहिलंच.

दोन, ८ बिट. हे जरा आकड्यांत बघा. उजेडाच्या सरळ प्रमाणात नोंद केली तर ८ बिटांत एकूण २५६ पायऱ्या. कोऱ्या फिल्मला निम्मा उजेड, म्हणजे १२८ वी पायरी. १.५ घनतेला सुमारे ३ टक्के उजेड, म्हणजे ८ वी पायरी. १.२ घनतेला १६ वी. म्हणजे फेट्यातला अख्खा वरचा स्टॉप, घड्या, पीळ, कापडाचा पोत, सगळं ८ पायऱ्यांत. गॅमा लावून, म्हणजे कमी उजेडाच्या भागाला जास्त पायऱ्या देऊन, नोंदवलं तर तिथे विसेक पायऱ्या मिळतात. त्याही ताणल्या की तुटतात. १६ बिटांत हाच भाग साधारण २०७० ते ४१३० च्या दरम्यान पडतो, दोन हजार पायऱ्या. स्कॅनर आतून खरे सोळा बिट देत नसला तरी फरक प्रचंड आहे.

सावल्या निगेटिव्हमध्ये पारदर्शक असल्याने त्यांना पायऱ्या भरपूर मिळतात. मार बसतो तो उजळ जागांना, आणि म्हणूनच लोकांचे आकाश, फेटे आणि धोतरं जळालेली दिसतात.

चंद्रप्रभा

वर आकडेमोड यांनी कारण दिलंय, मी कृती देते. सासऱ्यांच्या साडेतीनशे निगेटिव्ह मी अशाच केल्या.

फिल्मचा प्रकार 'पॉझिटिव्ह' किंवा 'स्लाइड' निवडा. होय, निगेटिव्ह असूनही. म्हणजे सॉफ्टवेअर उलटवण्याच्या भानगडीत पडत नाही आणि त्याची कापाकापी टळते. १६ बिट ग्रेस्केल, टिफ फाइल. ऑटो एक्स्पोजर, धार लावणं, दाणा (फिल्मचे कण) कमी करणं, सगळं बंद. मग हिस्टोग्रामची खिडकी उघडून दोन्ही टोकांच्या सरकत्या खुणा आलेखातल्या डोंगराच्या पायथ्यापासून थोड्या बाहेर ठेवा. पायथ्याला टेकवू नका, दोन्हीकडे थोडी रिकामी जागा राहू द्या. निवडीची चौकट फोटोच्या आत ठेवा, नाहीतर होल्डरचा काळा काठ हिशेबात येतो आणि सगळा अंदाज चुकतो.

जो स्कॅन येईल तो मेलेला, धुक्यासारखा करडा दिसेल. तसाच हवा आहे. त्याच्याकडे बघून घाबरू नका.

व्ह्यूस्कॅन हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर अजून सोपं. आधी कोऱ्या पट्टीवर चौकट ठेवून पूर्वदृश्य घ्या, एक्स्पोजर कुलूपबंद करा, पुन्हा पूर्वदृश्य घेऊन फिल्मच्या तळाचा रंग कुलूपबंद करा. मग अख्खा रोल त्याच मापाने स्कॅन करा. एका रोलचे फोटो एकमेकांशी जुळतात, हा मोठा फायदा.

तळेगावकर

मला हे पटत नाही. मी दोन हजारांवर निगेटिव्ह सॉफ्टवेअरच्या निगेटिव्ह मोडमध्येच केल्या, फक्त ऑटोची टोकं हाताने सरकवून. प्रत्येक फोटोवर अर्धा तास वक्ररेषा (छटा उजळ-गडद करायचा 'कर्व्ह') ओढत बसलो तर डबा संपायला वर्षं जातील. घरच्यांना फोटो बघायचे असतात, हिस्टोग्राम नाही. मोठ्या ढिगाऱ्याला तुमची पद्धत झेपत नाही.

चंद्रप्रभा

@तळेगावकर, टोकं हाताने सरकवली तिथेच निम्मं काम झालं, त्यामुळे आपण फार लांब नाही. पण मी दोन टप्पे वेगळे ठेवते. स्कॅन एकदाच आणि सगळं आत घेऊन. वक्ररेषा नंतर, सवडीने, ज्या फोटोला हवी त्याला. पुन्हा डबा उघडायचा, धूळ झटकायची, होल्डरमध्ये बसवायचं हे मला परत करायचं नव्हतं. बाकीच्यांना एकच ठरलेली वक्ररेषा घाऊक लावून कुटुंबाच्या गटावर पाठवले.

तळेगावकर

घाऊक वक्ररेषेचं चालेल. तो मुद्दा मान्य.

सह्यकडा

डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स असेल तर स्कॅनरशिवायही होतं. माझ्या सगळ्या निगेटिव्ह मी आता कॅमेऱ्यानेच टिपतो. खाली चांगल्या रंगाचा सपाट एलईडी दिवा, वर फिल्म, इमल्शनची (चित्राच्या थराची, कमी चकचकीत) बाजू लेन्सकडे, कॅमेरा स्टँडवर. रॉ, सगळ्यात कमी आयएसओ, एफ ८. निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवून लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी येईल असा कॅमेरा हलवला की तो समांतर झाला समजा. एक्स्पोजर इतकं वाढवायचं की कोरी फिल्म उजव्या टोकाला जवळपास टेकेल पण फुटणार नाही. त्याने दाट भागाला, म्हणजे तुमच्या फेट्याला, जास्तीत जास्त उजेड मिळतो.

आणि एक गोष्ट, जी स्कॅनरलाही लागू आहे. फोटोच्या चौकटीबाहेरचा उघडा उजेड काळ्या कागदाने झाका. तो लेन्समध्ये शिरून दाट भागावर पांढुरकी झाक चढवतो आणि वरच्या छटा एकमेकींत मिसळतात. कितीही बिट घ्या, त्या परत सुट्या होत नाहीत.

चंद्रप्रभा

झाकताना होल्डरच्या टोकाशी जी मोकळी खाच असते ती मात्र झाकू नका. स्कॅनर तिथे स्वतःचं माप जुळवतो. मी एकदा ती झाकली आणि सगळ्या फोटोंवर उभ्या रेघा आल्या.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री स्लाइड मोडमध्ये, १६ बिट टिफ घेतला. पण आता दोन नवी दुखणी आहेत. एक, फेट्याच्या आणि मिशीच्या कडा चिखलासारख्या झाल्यात, जणू कुणीतरी बोटाने पुसल्यात. दोन, गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये उलटवून वक्ररेषा लावली तर आकाशात पायऱ्या पायऱ्या दिसतात. १६ बिट घेऊनही!

आकडेमोड

गिंपची आवृत्ती? २.८ असेल तर ती फाइल उघडतानाच ८ बिट करते. २.१० पासून पुढच्या आवृत्तीत १६ आणि ३२ बिट दोन्ही चालतात. बदलून घ्या, फुकटच आहे.

चंद्रप्रभा

आणि धूळ काढायचं इन्फ्रारेड चालू आहे का? कृष्णधवल निगेटिव्ह मोडमध्ये बरीच सॉफ्टवेअरं ते आपोआप बंद ठेवतात, पण स्लाइड निवडली की ते चालू असल्याची खूण परत येऊ शकते.

इन्फ्रारेड रंगीत फिल्ममधून आरपार जातो आणि फक्त धुळीला अडतो, त्यामुळे धूळ कुठे आहे ते कळतं. कृष्णधवल फिल्मवर चित्रच चांदीचं असतं आणि चांदी इन्फ्रारेडही अडवते. म्हणून यंत्र आजोबांच्या मिशीलाच धूळ समजून पुसत सुटतं. अपवाद इलफर्डची एक्सपी२ सुपर ही फिल्म. ती रंगीत फिल्मच्या रसायनात धुतात आणि तिच्यात शेवटी चांदी उरत नाही, रंगद्रव्य उरतं. तुमच्या ओर्वो-इंदूवर हे कधीही चालू ठेवू नका. धूळ हवेच्या फुग्याने आणि मऊ ब्रशने आधीच काढा, उरलेली हाताने.

ओसरी

दोन्ही बरोबर निघालं. गिंप २.८ होतं, आणि खूण होती.

हायपो

आता वक्ररेषेबद्दल थोडं. चंद्रप्रभा म्हणाल्या तो धुक्यासारखा स्कॅन म्हणजे आमच्या भाषेत एक नंबरच्या मऊ कागदावर काढलेली छपाई. सगळं आहे, जीव नाही. आम्ही तेव्हा ब्रोव्हिरा कागदाचा दोन किंवा तीन नंबर (जास्त कडक) घ्यायचो आणि मग पुठ्ठ्याने उजेड अडवून किंवा वाढवून एकेक जागा सांभाळायचो. तुमच्या वडिलांच्या त्या छोट्या फोटोत फेट्याचे पीळ दिसतात, कारण छापणाऱ्याने बाकीचा फोटो झाकून फेट्यावर चार-पाच सेकंद जास्त उजेड सोडला असणार. अशा घरगुती कॅमेऱ्याच्या निगेटिव्हला आम्ही ते नेहमी करायचो. गिऱ्हाइकाला कधी कळायचं नाही.

म्हणून एकाच वक्ररेषेने ऊन आणि ओसरी दोन्ही साधायचा हट्ट धरू नका. आधी चेहरा बरोबर करा. माणसाच्या फोटोत चेहरा ठरला की बाकी त्याच्या मागून येतं. चेहरा जमल्यावर फेट्याला वेगळा मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, तेवढाच गडद करा. पूर्ण कागदी पांढरं फार थोड्या जागी ठेवा, पितळी तांब्यावरची चमक वगैरे. फेटा हे कापड आहे, त्याला करडेपणा हवाच.

दुसरं, स्कॅनरच्या दिव्याविषयी. एन्लार्जर दोन तऱ्हेचे असायचे, एकात भिंगातून सरळ येणारा उजेड, दुसऱ्यात दुधी काचेतून पसरलेला. एकच निगेटिव्ह पहिल्यावर जास्त कडक छापली जायची, कारण चांदीचे कण सरळ उजेड विखरून टाकतात आणि दाट भाग आहे त्याहून दाट वाटतो. १९०९ मध्ये कॅलिए नावाच्या शास्त्रज्ञाने हे मांडलं, म्हणून त्याला कॅलिए परिणाम म्हणतात. रंगद्रव्याच्या फिल्मवर तो जवळपास नसतो. फिल्म स्कॅनरमधला एलईडीचा सरळ उजेड पहिल्या जातीचा: दाणा आणि ओरखडे उठून दिसतात. तुमच्या फ्लॅटबेडचा पसरलेला उजेड दुसऱ्या जातीचा, जुन्या निगेटिव्हला जास्त मायेने वागवणारा. तुमच्याकडे आहे तो स्कॅनर या कामाला चांगला आहे.

स्टुडिओच्या निगेटिव्ह कुणाकडे असतील तर इमल्शनच्या बाजूने तिरक्या उजेडात बघा. चेहऱ्यावर पेन्सिलीचे बारीक फटकारे दिसतील. ते रिटचिंग आहे, घाण नव्हे, पुसू नका. माझ्या गुरूंचे हात त्यात इतके तयार होते की पाच इंची फोटोत काही कळायचं नाही, पण स्कॅन मोठा केला की दिसतं.

किन्हई

गेली दोन वर्षं मी घरीच फिल्म धुते, एचपी५ प्लस फिल्म, डी-७६ डेव्हलपरमध्ये. एक प्रश्न, स्कॅनसाठी म्हणून वेगळं धुवावं का?

हायपो

सावली एक्स्पोजरने ठरते, उजेड धुण्याने ठरतो. सावलीला एक्स्पोजर कंजूषपणे देऊ नका आणि धुताना ताणू नका. डी-७६ च्या सरळ (पाणी न घातलेल्या) द्रावणात या फिल्मला २० अंशाला साडेसात मिनिटं सांगतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये नळाचं पाणी ३० च्या आसपास असतं, तेवढाच वेळ ठेवला तर उजेडाच्या जागा सिमेंटसारख्या दाट होतात. बर्फाच्या घमेल्यात बाटली ठेवा आणि थर्मामीटर वापरा. स्कॅनसाठी थोडी मऊ निगेटिव्ह नेहमी बरी. मऊचं कडक करता येतं.

सह्यकडा

त्यात एवढीच भर घालतो की फारच मऊ केली तर नंतर ताणताना दाणाही ताणला जातो. दहा-पंधरा टक्के कमी वेळ माझ्या कामाला पुरला.

@ओसरी, गिंपऐवजी डार्कटेबल हे सॉफ्टवेअर बघा. ३.२ आवृत्तीपासून त्यात निगाडॉक्टर नावाचं साधन आहे, खास निगेटिव्ह उलटवण्यासाठी. कोऱ्या पट्टीवरून तळ उचलायचा, मग सावली-उजेड ठरवायचा. छपाईच्या कागदासारखा विचार करून बनवलंय.

चंद्रप्रभा

फोटोशॉप वापरणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. ग्रेस्केलचं मूळ प्रोफाइल तिथे 'डॉट गेन २० टक्के' असतं, ते छापखान्यासाठी. ते बदलून 'ग्रे गॅमा २.२' करा. नाहीतर तासभर बसून जुळवलेल्या सावल्या दुसऱ्या ठिकाणी उघडल्यावर सरकलेल्या दिसतात. ८ बिट जेपेग अगदी शेवटी, पाठवायच्या वेळी.

ओसरी

आज पहाटे पूर्ण झाला. १६ बिट, इन्फ्रारेड बंद, भोवती काळा कागद, नवीन गिंप. काकांनी सांगितलं तसं आधी चेहरा. मग फेट्याला वेगळा मास्क.

पीळ आले. नुसते पीळ नाही, कानामागे फेट्याचा शेव खोचलाय तोही दिसतो. धोतराचा काठ दिसतो, जो छोट्या फोटोतही नव्हता. ओसरीत खांबाला टेकवलेली काठी आहे, ती मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

दारातल्या व्यक्तीसाठी मात्र खूप प्रयत्न केला. वक्ररेषा इतकी उचलली की चौकट करडी झाली, आत फक्त दाणा. आई म्हणते ती आत्या असणार. उभी राहण्याची ढब तशी आहे.

हायपो

तिथे फिल्म कोरी आहे, उजेड पोचलाच नाही. त्याहून उचलू नका, तो भाग मळकट होईल आणि आजोबांच्या चेहऱ्याची खोलीही जाईल. दार काळंच राहू द्या, फक्त चौकटीची कड दिसू द्या. आकृती तेवढ्यानेही कळते.

ओसरी

तसंच केलं काका. वक्ररेषा परत खाली आणली.

याच रोलचे अकरा राहिलेत. पण एक पट्टी इतकी वळलीय की होल्डरमध्ये मध्यभाग काचेला चिकटतो आणि तेलाच्या तवंगासारखी वलयं येतात. आणि दोन पट्ट्यांवर बुरशीची जाळी आहे. पाण्याने धुऊ का?

हायपो

बुरशी असलेल्या पट्टीला पाणी लावू नका! बुरशीने जिलेटीन पोखरलेलं असतं, ते पाण्यात विरघळून चित्रासकट सुटू शकतं. आधी आहे तशी स्कॅन करून ठेवा. नंतर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापसाला लावून चकचकीत बाजूने, तेही एका कोपऱ्यावर बघून. डब्यात सिलिका जेल टाका आणि पत्र्याऐवजी कागदी पाकिटांत ठेवा. उघडताना व्हिनेगरसारखा वास आला तर त्या पट्ट्या आधी स्कॅन करा आणि बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवा.

चंद्रप्रभा

ती वलयं न्यूटनची. चकचकीत बाजू काचेला टेकली की येतात. पट्टी कागदी बाहीत घालून जाड पुस्तकांखाली दोन आठवडे ठेवा. तरी वळलीच तर इमल्शनची बाजू खाली करून स्कॅन करा आणि फोटो नंतर आडवा उलटवा, कारण इमल्शन मुळातच थोडं खरखरीत असतं. फोटो उलटवायला विसरू नका, आजोबांचा फेट्याचा शेव दुसऱ्या कानावर जाईल.

ओसरी

पट्टी पुस्तकांखाली ठेवली. दोन आठवड्यांनी इथेच लिहितो.